लक्ष्मी रोडवर पैसे मागणाऱ्यांना देता का?

पुण्यात नवीन आहे, लक्ष्मी रोडला खरेदीला गेलं की सारखं कोणीतरी हात पुढे करतं, परवा तर पोतराज आसूड कडाडत समोरच उभा, तुम्ही काय करता अशा वेळी?

सिग्नलवाला: लहान पोरगं असेल तर पैसे अजिबात नको, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लाव. बाकीच्यांना मान हलवून पुढे चालायचं.

जुना पेठकर: पोतराज, डोंबारी भिकारी नाहीत हो, थांबून बघितलंत तर दहा-वीस द्याच. गंमत म्हणजे १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाऊन-नाचून पैसे मागणंपण भीकच धरलंय!

चहाबाज: दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरतीच. मी वडापाव घेऊन देतो, नको म्हणाले तर विषय संपला.