बिअर बाटलीत भरण्याची वेळ : विश्रामबाग, सांगली येथील सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-२०३ : नमस्कार. माझा मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये असून त्याने माल्टच्या अर्कापासून घरी बिअर लावली आहे. झाकणावरच्या नळीतून येणारे बुडबुडे कालपासून थांबले आहेत, तेव्हा आता बाटल्या भराव्यात का, असे तो विचारतो. सी-१०४ मधील काका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते, म्हणून इथे विचारते.

बी-३०१ : ताई, तासगावच्या आमच्या बागेत द्राक्षे काढणीला आली की नाही हे आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतो. काचेवर रसाचे दोन थेंब टाकले की ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे शेकडा प्रमाण, कळतो. त्यानेही तसेच पाहावे.

सी-१०४ : बागेत ते यंत्र अचूक आहे, पण इथे ते फसवेल. अल्कोहोल प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवते, त्यामुळे आंबलेल्या रसात रिफ्रॅक्टोमीटर प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त साखर दाखवतो. बारा ब्रिक्सपासून सुरू झालेली आणि पूर्ण तयार झालेली बिअरही त्यावर सहाच्या आसपास दिसते. बुडबुड्यांवरही विसंबू नये, कारण झाकण थोडे सैल असले तर आंबणे चालू असतानाही ते थांबतात, आणि खोली तापली तर आंबणे संपल्यावरही विरघळलेला वायू बाहेर पडत राहतो. खरी साक्ष हायड्रोमीटरची, म्हणजे द्रवात तरंगून पाण्याच्या तुलनेत त्याची घनता दाखवणाऱ्या नळीची; यीस्ट साखर खाते तसे तिचे माप उतरते. त्याच्याकडे तो आहे का?

ए-२०३ : आहे, काका. सुरुवातीला १.०४८ होते, आज १.०१६ आहे. अर्काच्या डब्यावर शेवटचे माप १.०११ च्या जवळपास येईल असे लिहिले आहे.

सी-१०४ : मग आज बाटल्या भरू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. १.०१६ आणि १.०११ यांत पाच अंशांचा (०.००१ म्हणजे एक अंश) फरक आहे, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम साखर, म्हणजे यीस्टला खाण्याजोगी बारा-तेरा ग्रॅम साखर अजून शिल्लक असू शकते. फेस येण्यासाठी बाटली भरताना लिटरमागे सुमारे सहा ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. दोन्ही मिळून बंद बाटलीत अपेक्षेच्या तिप्पट वायू तयार होईल आणि काच फुटेल. त्या तुकड्यांनी डोळा जाऊ शकतो.

त्याने भांडे २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे, तळाचे यीस्ट उठेल इतपत हलकेच फिरवावे आणि थांबावे. नमुना घेताना तो हलवून त्यातला वायू काढून टाकावा, कारण हायड्रोमीटरला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि माप खोटे येते. लागोपाठ तीन दिवस एकच माप आले, तरच आंबणे थांबले असे समजावे.

बी-३०१ : पण आकडा १.०१६ वरच अडला तर? द्राक्षाचा रस तर १.००० च्याही खाली जातो.

सी-१०४ : प्रश्न योग्य आहे. द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाते, पण माल्टमध्ये त्याला न पचणारी मोठ्या रेणूंची शर्करा उरते, म्हणून बिअर बहुधा १.०१० च्या आगेमागे थांबते. ती पूर्ण होऊन थांबली की अर्ध्यावर अडली, हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग असा : एका स्वच्छ बाटलीत थोडी बिअर घेऊन त्यात भरपूर ताजे यीस्ट घालावे, तोंड सैल झाकून ती उबदार जागी ठेवावी आणि रोज हलवावी. दोन-तीन दिवसांनी त्या नमुन्याचे माप स्थिरावते. तेच त्या बिअरचे खरे तळमाप. मोठ्या भांड्याचे माप तिथपर्यंत उतरले नसेल, तर बाटल्यांना हात लावू नये.

सचिव : सर्वांसाठी नोंद. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरगुती वापराच्या बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ती बनवणे गुन्हा आहे, त्यामुळे कोणीही इथे हा प्रयोग करू नये.

ए-२०३ : समजले. काका, त्याला लोण्यासारखा वासही येतो म्हणे.

सी-१०४ : तो आंबताना तयार होणाऱ्या डायअसिटिल या पदार्थाचा वास. यीस्टच तो पुढे शोषून घेते, म्हणून माप स्थिरावल्यावरही तो वास जाईपर्यंत बिअर यीस्टवरच राहू द्यावी आणि मगच भरावी.