मदत हवी आहे : गुहागरच्या किनाऱ्यावर जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांसाठी चालायचं आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं या मंचावर नुसती वाचते आहे. धागा पहिल्यांदाच काढते. घरात सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवली आहे आणि ती नीट कशी पार पाडायची हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची लेक, आता सात वर्षांची आहे. जन्मली तेव्हा बाळ छान दिसत होतं. पाच-सहा महिन्यांची झाल्यावर रडता रडता तिचे ओठ जांभळासारखे व्हायला लागले. आंघोळ घालताना हे जास्त व्हायचं, म्हणून आम्हाला वाटायचं की पाणी गार असेल. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग पुन्हा लावली, आणि वहिनीला बाजूला बसवून सांगितलं की हृदयाचा आवाज बरोबर नाही, बाळाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला हवा. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं होतं. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्याच कोकणातून, पालघरहून सुरू झाला, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी ते डॉक्टर आले नसते तर काय, हा विचार अजून नको वाटतो.

निदान झालं टेट्रालॉजी ऑफ फॅलो. खालच्या दोन कप्प्यांमध्ये भोक, फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला, असे चार दोष एकत्र. बाळ निळं पडायला लागलं की त्याचे गुडघे दुमडून छातीशी धरायचे आणि त्याच स्थितीत दवाखाना गाठायचा, एवढं डॉक्टरांनी शिकवलं होतं. माझी सत्तरीची आई रात्र रात्र तिला तसं धरून बसायची. सव्वा वर्षाची असताना मुंबईत ऑपरेशन झालं. आता ती शाळेत जाते, झोपाळ्यावरून उड्या मारते. वर्षातून एकदा तपासणीला न्यावं लागतं, आणि ते जन्मभर चालणार, कारण मोकळी केलेली झडप पुढे गळू शकते.

आता मुद्द्याचं. ऑपरेशनला आमचा एक रुपया लागला नाही, सगळं सरकारी योजनेतून झालं. पण मी तेव्हा एक वही ठेवली होती. मुंबईत आम्ही ४१ दिवस होतो. आधी दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा बाळाला सर्दी-ताप निघाला म्हणून परत आलो. गुहागर ते चिपळूण, तिथून गाडी, दादरला धर्मशाळा, तीन माणसांचं जेवण, रात्री-अपरात्रीच्या टॅक्स्या, घरी आल्यावरची औषधं. भाऊ रिक्षा चालवतो, ती ४१ दिवस बंद. वहीची बेरीज ३६ हजार ४०० झाली आणि त्यात बुडालेली कमाई धरलेलीच नाही. वहिनीच्या बांगड्या तेव्हा गेल्या त्या गेल्या. आमच्या शेजारच्या खाटेवर वेळणेश्वराकडचं एक कुटुंब होतं. पुढच्या तपासणीला ते आलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, 'पोर बरा हाय, भाड्याला पैसे कुठसून आणू?' ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फुकट ऑपरेशनपर्यंत पोचायला आणि नंतर तपासणीला जात राहायलाच आपल्याकडच्या माणसाला पैसे लागतात, आणि त्यासाठी कोणी देणगी मागत नाही.

म्हणून फेब्रुवारीत, जन्मजात हृदयविकार जागृतीच्या आठवड्यात (७ ते १४ तारीख), किंवा तेव्हा जमलं नाही तर त्याच्या आगेमागे, किनाऱ्यावरून चालायचं असं ठरवलं आहे. असगोलीकडून निघून वरच्या पाटाची वस्ती, व्याडेश्वराच्या देवळामागचा समुद्र आणि तिथून खालच्या पाटाच्या वस्तीकडे. सगळा मिळून सहा किलोमीटर. आम्ही घरचे अकराजण, शाळेचे शिक्षक, रिक्षावाले आणि आणखी तीन अशी कुटुंबं. तर हे विचारायचं आहे :

भरतीचं गणित कसं बसवायचं? किनाऱ्यावरच राहत असले तरी आमच्या घरात दर्यावर जाणारं कोणी नाही. कोरड्या वाळूत म्हातारी माणसं आणि मुलं चालू शकणार नाहीत.

पैसे गोळा करायला परवानगी लागते का? आम्ही संस्था नाही, नुसतं एक घर आहोत. आणि आलेले पैसे द्यायचे कुठे? कोणाच्या हातात रोख दिले की उद्या लोक बोलणार, आणि त्यांनी बोलावंच, हिशेब मागायलाच हवा.

ऑपरेशन झालेली मुलं किती चाललेली चालतात? आमच्या डॉक्टरांनी भाचीला परवानगी दिली आहे, 'ती थांबली की तुम्ही थांबा' एवढंच म्हणाले. पण बाकीच्या मुलांत एकाचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जड जातं आहे. मी फलकासाठी भाचीचा फोटो काढायला गेले तर वहिनीने हात धरला. म्हणाली, 'ताई, तिच्या नावाने पैसे मागायचे नाहीत. उद्या तिला स्थळं बघायची वेळ आली की हाच फोटो पुढे येईल.' भाऊ म्हणतो फोटो नसेल तर लोक येणार नाहीत. दोघंही माझीच माणसं. काय करू?

कृपया अनुभव असेल ते लिहा. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद – खाडीपलीकडचा

ताई, भरतीचं आमच्याकडचं जुनं गणित सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी.

तुम्हाला सकाळी चालायचंय म्हणजे सकाळी सातच्या आसपास सुकती हवी. पुनवेच्या नाहीतर अवसेच्या पुढची प्रतिपदा-द्वितीया बघा. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला, म्हणजे सुकती पावणेसात ते साडेसात. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी खूप आत जातं आणि ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट होते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी आत जातच नाही, आणि सकाळी तर भरतीच असते. त्या सुमाराचा रविवार अजिबात धरू नका. तारखेच्या हट्टापेक्षा तिथी धरा. छापील वेळापत्रकही एकदा ताडून बघा, दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात.

दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट आहे, आम्ही दापोलीकडचे दहा-बाराजण येऊ. वेळ कळवा.

प्रतिसाद – सिस्टर_चिपळूण

नवजात कक्षात १४ वर्षं काम करते, म्हणून लिहिते. ज्याचं ऑपरेशन व्हायचं आहे त्या बाळाला चालवू नका. आईवडिलांनी कडेवर घेऊन शंभर पावलं टाकली तरी तो आलाच असं समजा. निळं पडणाऱ्या मुलांना पाणी कमी पडणं फार वाईट, त्यांचं रक्त आधीच घट्ट असतं. काही मुलांना लघवीचं औषध चालू असतं, त्यांच्याकडेही तेवढंच लक्ष हवं. किती पाणी द्यायचं ते त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहून घ्या. साडेआठच्या आत सगळ्यांना सावलीत आणा. ऑपरेशन झालेल्यांनी एक-दीड किलोमीटर चालावं, बाकीच्यांनी पूर्ण.

एक विनंती. कार्यक्रमात लक्षणं सांगा, पण नुसतं 'निळं पडणं' सांगू नका. कप्प्यांमधलं मोठं भोक असलेली कितीतरी बाळं निळी पडतच नाहीत. ती दूध पिताना दमतात, दोन घोट घेऊन थांबतात, कपाळावर घाम येतो, छाती भरभर उडते, वजन वाढत नाही आणि सारखा कफ होतो. आई सांगते, 'पीतच नाही हो', आणि लोक तिलाच दूध पाजता येत नाही म्हणतात. साधारण शंभर बाळांमागे एकाला हृदयाचा काही ना काही दोष असतो. म्हणजे आपल्या प्रत्येक गावात असं एखादं बाळ असणारच.

पैशांतून प्रसूतीच्या ठिकाणी ऑक्सिमीटर द्यायचा विचार असेल तर करोनात घेतलेला बोटाचा चिमटा नको, नवजाताला तो नीट बसत नाही. तान्ह्यांसाठी वेगळा प्रोब लागतो. २४ तासांनंतर उजवा हात आणि एक पाय बघायचा. दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त आणि दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली आलं तर लगेच पुढे पाठवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. सगळे दोष यात सापडत नाहीत, पण जीवघेणे बरेचसे सापडतात.

प्रतिसाद – हिशेबनीस

परवानगी लागते. संस्था नोंदणीकृत नसेल आणि लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी घ्यायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून आधी परवानगी घ्यायची. गणपती मंडळं घेतात तीच. नंतर हिशेब द्यावा लागतो. तुम्ही वही ठेवणाऱ्या आहात, तुम्हाला अवघड नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे पैशाला हातच लावू नका. मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो आणि मुंबईच्या पालिका रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी वेगळा निधी असतो. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटून विचारा, की कोकणातून येणाऱ्या मुलांच्या प्रवासाला आणि तपासणीच्या फेऱ्यांना पैसे वापरता येतील का, आणि हो म्हणाले तर तसं लेखी घ्या. लोकांनी परस्पर तिकडे भरावेत, पावती त्यांच्या नावाने. देणगीवर प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नये, हेही पत्रकात छापा.

टीशर्ट छापणार असाल तर छापू नका. त्या पैशात एका घराचं चिपळूण ते मुंबई येणंजाणं होतं.

प्रतिसाद – सुरूच्या_बनातली

फेब्रुवारी म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम, आणि गुहागरच्या वाळूत घरटी असतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. तुम्ही ओल्या वाळूतून जाणार, ते उत्तमच, पण जमायची आणि जेवायची जागा ठरवताना कासवमित्रांना आणि वनखात्याला आधी विचारा. किनाऱ्यावर शेकोटी, मोठा स्पीकर आणि मंडप नको. नगरपंचायत आणि पोलीस ठाण्याला अर्ज द्या, मेरीटाईम बोर्डाकडेही विचारून ठेवा.

फोटोबद्दल तुमच्या वहिनीचं बरोबर आहे. माझ्या मोठ्या भावाच्या छातीवर अशाच ऑपरेशनची खूण आहे. लहानपणी एका कार्यक्रमात त्याला शर्ट काढून उभं केलं होतं. तो आज चाळीस वर्षांचा आहे, अजून समुद्रात उतरताना बनियन काढत नाही.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरूच्या बनातल्या ताईंचा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून पडवीत गेला. सकाळी म्हणाला, फोटो नको.

फलकावर आता कोणत्याच मुलाचं चित्र असणार नाही. वहिनीने तिथे काय लिहायचं ते सांगितलं आहे, आणि ते मी तसंच लिहिणार : 'बाळाचं हृदय पोटात पहिल्या आठ आठवड्यांत घडतं. ग्रहणात विळी धरल्याने त्याला भोक पडत नाही.' बाळंतपणानंतर तिला हे किती जणींनी विचारलं होतं, ते मला सात वर्षांनी आज कळलं. एवढी वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही, याचं फार वाईट वाटतं आहे. सिस्टर, गरोदरपणाआधी रुबेलाची लस आणि गरोदरपणात साखर आटोक्यात ठेवणं, हे दोन मुद्दे खाली घातले तर चालतील ना? बहुतेकदा कारण सापडतच नाही, हेही आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही घालते.

पुढच्या आठवड्यात भाऊ आणि मी मुंबईला समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायला जातो आहोत. टीशर्ट रद्द. तिथी बघितली, पुनवेनंतरचा रविवार धरतो आहोत.

भाचीला मी रात्री अमेरिकेतल्या मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर हेलन टॉसिगची गोष्ट सांगते. त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणून त्या नळीवर विसंबायच्या नाहीत, बाळाच्या छातीवर बोटं ठेवून हृदय ओळखायच्या. निळ्या बाळांसाठीचं पहिलं ऑपरेशन १९४४ साली बाल्टिमोरला झालं ते त्यांनी धरलेल्या ध्यासामुळे. ते केलं डॉक्टर ब्लॅलॉक यांनी, आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून एकेक टाका सांगत होते त्यांचे प्रयोगशाळेतले साहाय्यक व्हिव्हियन थॉमस, ज्यांना डॉक्टर व्हायला पैसे नव्हते. काल भाची म्हणाली, 'आत्ये, मी पण बोटं ठेवून बघू?' आणि आजीच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ गप्प बसली. तिला फलकावर यायचं नाही, पण चालायचं आहे. पूर्ण सहा किलोमीटर म्हणते, आम्ही दीडवर थांबवू.

आता एकच अडचण राहिली. मुलं आणि म्हातारी माणसं दमली तर वाळूतून रिक्षा येत नाही. वरच्या किंवा खालच्या पाटात कोणाकडे बैलगाडी आहे का, सकाळी सहा ते नऊपर्यंत? भाडं देऊ. बैल पाण्याला बुजणारे नकोत. माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.