पाच वर्षं रिपोर्ट निरंक, मग विषाणू परत आला कुठून?

रामबागची ताई, इंदूर

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला २००९ साली एचआयव्ही निघाला. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तेव्हा १४८ होता. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून, गोळ्या सुरू झाल्या, पुढे रोजची एकच टीएलडी झाली, तीन औषधं एकत्र असलेली गोळी. गेली पाच वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, निरंक येत होता. या महिन्यात ३८,००० आला.

भावजय तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. सकाळी पोह्यांची बशी पुढे ठेवते आणि आत निघून जाते. तिला वाटतंय, बाहेर कुठेतरी गेला आणि नव्याने घेऊन आला. काल गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे मला टीएलडीच्या एकेका महिन्याच्या दोन बाटल्या सापडल्या, सील न तोडलेल्या. विचारलं तर रडायला लागला. म्हणाला, "ताई, रक्तात काहीच नाही म्हणतात, मग जन्मभर कशाला खाऊ?"

बाहेरून काही न येता तो आतूनच परत येऊ शकतो का? भावजयीला मला खरं तेच सांगायचंय, भाऊ माझा असला तरी.

दांडिया बाजारचे काका, बडोदा

ताई, हो. आतूनच येतो. दोन महिने गोळी बंद असेल तर न येणंच नवलाचं. बहुतेकांत तो दोन-चार आठवड्यांतच पुन्हा दिसू लागतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा विषाणू आरएनएचा, म्हणजे त्याची सगळी माहिती आरएनएत लिहिलेली. पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनए लिहून घेतो. एरवी डीएनएवरून आरएनए लिहिला जातो. हे उलटं लिहिणारं विकर (एन्झाइम) टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवलं. मग ती डीएनएची प्रत पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात शिवली जाते. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव चढतं. घुसलेला माणूस घरातून हाकलता येतो, चढलेलं नाव तसं निघत नाही.

टीएलडीतली दोन औषधं ते उलटं लिहिणं अडवतात, तिसरं, डोल्युटेग्राविर, शिवणं अडवतं. म्हणजे नव्या पेशीवर नाव चढू देत नाहीत. जुन्या नोंदीला तिघांपैकी एकही हात लावत नाही.

त्यातल्या काही पेशी स्मृतिपेशी असतात. लहानपणी झालेला गोवर शरीर म्हातारपणीही ओळखतं ते अशाच पेशींमुळे. वर्षानुवर्षं टिकणं हेच त्यांचं काम. त्या झोपलेल्या असल्या की विषाणूही गप्प, म्हणून रिपोर्ट निरंक. अशा झोपलेल्या दर दहा लाख पेशींमागे साधारण एकीतूनच जिवंत विषाणू उठवता येतो. पण हा साठा निम्मा व्हायलाच सुमारे ४४ महिने लागतात. त्या हिशेबाने नुसत्या गोळ्यांनी तो संपायला सत्तरहून जास्त वर्षं हवीत.

आणि या पेशी दुभंगतातही. एकीच्या दोन झाल्या की नोंदही दोघींत जाते, विषाणूला नवी पेशी गाठावीच लागत नाही. एचटीएलव्ही-१ हा याचाच भाऊबंद विषाणू मुख्यतः याच वाटेने शरीरात टिकतो. एचआयव्हीतही हे घडतं, हे २०१४ साली स्पष्ट दिसलं. औषध नसेल तर मात्र एचआयव्हीचा भर नव्या पेशींवर: दिवसाला हजार कोटींच्या घरात विषाणू तयार होतात. भावाच्या अंगात एखादी पेशी जागी झाली आणि अडवायला कुणी नव्हतं.

भाऊ बाहेर कुठे गेला की नाही, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. पण ३८,००० हा त्याचा पुरावा धरू नका.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. लोड दबलेला असताना शरीरसंबंधातून लागण होत नाही. या दोन महिन्यांत ती खात्री नव्हती. भावजयीची तपासणी लगेच करून घ्या. भावाला उद्याच केंद्रात न्या आणि गोळी बंद होती हे डॉक्टरांना लपवू देऊ नका. नाहीतर औषध निकामी झालंय असं समजून ते बदलतील.

लष्करवाला, ग्वाल्हेर

मी १४ वर्षं घेतोय. भावाला रागावू नका ताई. निरंक शब्द वाचला की सुटल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. माझ्या बायकोला मी समजावून थकलो, शेवटी समुपदेशकांसमोर दोघं बसलो तेव्हा पटलं. गोळी रात्री जेवणानंतर, बायकोच्या समोर. कालनिर्णयवर खूण तीच करते. कुणाला नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे.

रामबागची ताई, इंदूर

काका, तुमचं उत्तर भावजयीला मोठ्याने वाचून दाखवलं. मध्येच थांबवून तिने विचारलं, "सातबारा म्हणजे आपल्याकडचा खसराच ना?" मग बराच वेळ गप्प बसली. आज तिघं केंद्रात जाऊन आलो. भावाने डॉक्टरांना सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, गोळी पुन्हा सुरू झाली. तिची तपासणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी परत करायची आहे. तारीख तिनेच लिहून घेतली, आणि परतताना रिक्षात त्याच्या शेजारी बसली.