शिष्यवृत्तीला प्रोजेक्टची अट घालावी का?

माजी_विद्यार्थी_गट: आम्ही काही जण मिळून गरजू इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणार आहोत. सोबत प्रत्येकाने ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरून एक प्रोजेक्ट करायचा. सामानाची बिलं दाखवली की पैसे परत आणि प्रोजेक्ट पूर्ण झाला की दुसरा हप्ता, असं ठरतंय. काही चुकतंय का?

हिशेबनीस: दोन्ही अटी काढा. बिलं दाखवायची म्हणजे आधी खिशातून खर्च करायचा. तेवढे पैसे असते तर तो तुमच्याकडे आलाच नसता. हप्त्याची अट तर त्याहून वाईट. फीची तारीख प्रोजेक्टसाठी थांबत नाही, त्यामुळे मुलं हमखास चालणारा, कुठून तरी उचललेला प्रोजेक्ट दाखवतात. फी आणि राहण्या-जेवणाचे पैसे सत्राआधी थेट खात्यात द्या. प्रोजेक्टसाठी पैसे नकोत, सामान द्या. आणि मुलांना आधीची शिष्यवृत्ती आहे का ते विचारून घ्या: काही शिष्यवृत्त्यांना सोबत दुसरी चालत नाही. तुमच्या मदतीपायी मोठी रक्कम जायची.

सोल्डरगन: सामानात बोर्ड दोन द्या, एक जळणार हे धरूनच चाला. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचा इको पिन ५ व्होल्टच देतो, पण ईएसपी३२चे पिन ३.३ व्होल्टचे. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर हवाच. वायफाय सुरू होताच बोर्ड रिसेट होत असेल तर कोडमध्ये तासन्‌तास शोधत बसू नका. त्या क्षणी करंट एकदम वाढतो आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. चांगली केबल आणि सप्लायवर ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावून बघा. केबल डेटाची आहे ना तेही पाहा, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. सर्वो मोटर असेल तर त्याला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र दोन्हींचा एकच.

लॅब_सहायक: प्रोजेक्ट गटाने करायला दिलात तर चार जणांच्या गटात ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याच्या वाट्याला रिपोर्ट आणि पोस्टर येतं. दर दोन आठवड्यांनी कामं बदला आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारा. लॅब संध्याकाळीही उघडी हवी, पण सक्तीची हजेरी नको. यातली काही मुलं त्या वेळी कामावर असतात.

माजी_विद्यार्थी_गट: अटी काढतो. सामान नंतर परत घ्यायचं का?

सोल्डरगन: मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न लॅबच्या नावावर ठेवा. बोर्ड, सेन्सर मुलांकडेच राहू द्या. परत द्यायचं म्हटलं की सोल्डर करायला कोणी धजत नाही, सगळं ब्रेडबोर्डवरच (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पट्टीवर) लटकत राहतं.