हंडा भरण्याचा आवाज भजी तळल्यासारखा येतोय, तातडीने मदत हवी आहे

कोपरखैरणेकर: श्रुतिकेसाठी हंडा भरतानाचा आवाज हवाय. रात्री बाथरूममध्ये पाच-सहा टेक घेतले, सगळ्यांत कढईत भजी सोडल्यासारखं चर्रर्र. इक्वलायझर फिरवून थकलो. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. काय करू?

घंटाळी_नाका: कशावर रेकॉर्ड केलंस? माइक कुठे होता? भांडं कसलं?

नळदमयंती: वायसर झिजला असेल, बदलून घ्या. आमचाही असाच चरचरायचा.

घंटाळी_नाका: अहो ताई, नळ बिघडलेला नाही, मुद्दाम सोडलाय.

येऊरचा_वारा: घरात कसले टेक घेताय! येऊरच्या ओढ्यात हायड्रोफोन सोडा, मग बघा.

घंटाळी_नाका: ओढ्यात बुडवून कोण हंडा भरतं? आणि हायड्रोफोनला पाण्याखालचं ऐकू येतं. याला पाण्याबाहेरचं हवंय.

कोपरखैरणेकर: मोबाइलवर. नळाच्या तोंडाशी धरला होता. खाली नेहमीची प्लास्टिकची बादली, अर्धी भरलेली.

घंटाळी_नाका: हे आधी सांगायचंस ना! जोराच्या धारेत सगळ्याच फ्रिक्वेन्सी एकदम असतात, इक्वलायझर काय निवडणार? पाण्याचा 'टुप' येतो तो आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यातून. ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण १००० हर्ट्‌झला वाजतो, लहान असेल तर आणखी वर. म्हणून धार बारीक सोड. आणि 'भरतंय' हे कळतं सूर चढतो म्हणून. पाणी वर येतं तशी भांड्यातली हवेची जागा कमी होत जाते. तू अर्ध्या बादलीपासून सुरू केलंस, चढण निम्मी गेली. धातूचं रिकामं भांडं घे, मोबाइल तोंडापासून वीतभर बाजूला. अ‍ॅपमधलं नॉइज रिडक्शन बंद कर, ते पाण्यालाच गोंगाट समजतं. रेकॉर्डिंगचं सेटिंग: वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट.

येऊरचा_वारा: ९६ घ्या. मी सगळं ९६ वरच करतो.

घंटाळी_नाका: नंतर आवाज संथ करायचा असेल तर घ्या. नाहीतर फाइल नुसती जागा खाते.

कोपरखैरणेकर: शेजारच्या काकूंकडे पितळी कळशी आहे. पण आता पाणी गेलं, सकाळी सहाला येईल.

दिघा_लोकल: स्वतःचं मोरबे धरण असलेल्या नवी मुंबईत ही तऱ्हा?

नळदमयंती: ठाण्यात येऊन बघा, मग बोला.

कोपरखैरणेकर: जमलं! कळशी गळ्यापर्यंत आली तसा सूर चढत गेला, अंगावर काटा आला. फक्त मध्येच काकूंच्या कुकरची शिट्टी आलीय. कशी काढू?

नळदमयंती: कुकरची रिंग बदला.