2000 सालचं कोरियन विजेतेपद कुणाचं? सोलचं की आन्यांगचं?

सामनावेडा (धागाकर्ता)

के लीगमधलं (दक्षिण कोरियाची व्यावसायिक फुटबॉल लीग) वीस वर्षांपूर्वीचं एक भांडण 2025 मध्ये पुन्हा मैदानात उतरलं. इथे कोरियन फुटबॉल बघणारे मोजकेच असतील, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

लकी-गोल्डस्टार, म्हणजे आजच्या एलजी समूहाने डिसेंबर 1983 मध्ये फुटबॉल संघ काढला. 1984 पासून तो लीगमध्ये खेळू लागला, तेव्हा त्याचं गाव होतं चुंगचोंग प्रांत. 1985 ला पहिलं विजेतेपद मिळालं. 1990 ला संघ राजधानी सोलमध्ये आला आणि त्याच वर्षी दुसरं विजेतेपद. पुढे नाव पडलं एलजी चीताज. 1996 मध्ये लीगने धोरण आणलं की तीन क्लब राजधानीत गर्दी करून बसलेत, त्यांनी बाहेर पडावं. चीताज दक्षिणेला वीसेक किलोमीटरवरच्या आन्यांग शहरात गेले. तिथे आठ मोसम काढले. प्रशिक्षक चो क्वांग-रे, पुढे चोई योंग-सू, मागे कोवळा ली यंग-प्यो, अशा संघाने 2000 ला लीग जिंकली. चोई त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि मग 2 फेब्रुवारी 2004. मालकांनी जाहीर केलं की क्लब सोलला जाणार. सोलचं वर्ल्ड कप स्टेडियम (तेच, जिथे सेनेगलने फ्रान्सला हरवलं) 2002 नंतर क्लबाविना पडून होतं. आन्यांगच्या लोकांनी मोर्चे काढले, निदर्शनं केली, उपयोग शून्य. मोसम सुरू होताना जर्सीवर नाव होतं एफसी सोल.

माझं म्हणणं सरळ आहे. एफसी सोल आज सहा विजेतेपदं सांगतो: 1985, 1990, 2000, 2010, 2012, 2016. यातलं 2000 चं त्याने सांगू नये. ते आन्यांगच्या लोकांनी तिकीट काढून, घसा फोडून मिळवलेलं आहे. ज्या गावाला वाऱ्यावर सोडलं त्याच गावाचा चषक कपाटात ठेवायचा, ही शुद्ध बनवाबनवी आहे.

वकीलकाका

धागा उत्तम, निष्कर्ष भावनिक.

तुमच्याच न्यायाने 1985 चं विजेतेपद कुणाचं? चुंगचोंगचं ना? मग तेही काढा. 1990 ला संघ सोलमध्ये होता, ते ठेवा. म्हणजे एका क्लबच्या इतिहासाच्या तीन वाटण्या करायच्या, वडिलोपार्जित जमिनीसारख्या, आणि प्रत्येक गावाच्या नावाने सातबारा काढायचा. कंपनी तीच, करार तेच, खेळाडू तेच. 2003 ला जे आन्यांगकडून खेळले त्यातले बरेच 2004 ला सोलकडून खेळले. लीगच्या अधिकृत नोंदीतही हा एकच क्लब आहे.

शिवाय 1996 चं तुम्ही एका ओळीत उरकलंत. चीताज आपणहून गेले नव्हते. दोंगदेमून स्टेडियम तेव्हा तीन क्लब वाटून घेत होते: हे, इल्ह्वा आणि युकाँग. लीगने तिघांनाही बाहेर काढलं. इल्ह्वा चोनानला गेला, युकाँग बुचॉनला. घरातून हाकललेला माणूस आठ वर्षांनी घरी परतला तर त्याला चोर म्हणायचं?

सामनावेडा

काका, घर कसलं? सोलमध्ये 1990 ते 95, म्हणजे सहा मोसम. आन्यांगमध्ये 1996 ते 2003, म्हणजे आठ. जिथे जास्त राहिला ते भाड्याचं आणि जिथे कमी राहिला ते घर?

कट्टर_मिडफिल्डर

दोघेही एक गोष्ट विसरताय. संघ ना सोलचा होता ना आन्यांगचा, तो एलजीचा होता. ऐंशीच्या दशकातलं कोरियन व्यावसायिक फुटबॉल उभंच राहिलं उद्योगसमूहांच्या पैशावर. युकाँग, ह्युंदाई, देवू, पोहांग स्टील, सगळ्यांचे संघ. गावाचं नाव नुसतं चिकटवलेलं. मालकाला वाटलं इथे प्रेक्षक जास्त मिळतील, तो निघाला. एफसी सोल आता जीएस समूहाकडे आहे, तोही एलजीतूनच फुटून निघालेला. पुढेमागे मैदान बदलायचं ठरलं तर सोलवाल्यांना तरी कोण विचारणार आहे?

बाकी स्थलांतर यशस्वी झालं हे मान्य करावंच लागेल. पार्क चू-यंग, की संग-यंग, ली चंग-योंग ही पोरं तिथूनच युरोपात गेली. 5 मे 2010 ला, कोरियातल्या बालदिनी, सोंगनामविरुद्ध 60,747 प्रेक्षक आले होते. 2013 ला आशियाई चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. चीनच्या ग्वांगझोशी दोन्ही लढती बरोबरीत, फक्त परक्या मैदानावर त्यांचे गोल जास्त म्हणून चषक गेला. आन्यांगमध्ये राहून हे झालं असतं? मला शंका आहे.

नारिंगी_फौज

मी पुण्याचा, त्यामुळे या विषयावर माझं डोकं लगेच तापतं. क्षमस्व.

2019 ला एफसी पुणे सिटी बंद पडला आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) ती जागा हैदराबादला गेली. प्रशिक्षक फिल ब्राउन तिकडे, मार्सेलिन्हो तिकडे, आदिल खान तिकडे. बालेवाडीत आम्ही ज्यांच्या नावाने ओरडायचो ते थेट दुसऱ्या रंगात दिसले. 2022 ला हैदराबादने गोव्यात फातोर्ड्याला केरळला पेनल्टीवर हरवून कप उचलला, तेव्हा पुण्यात एकाला तरी वाटलं का की आपण जिंकलो? मग उलट बाजूनेही तसंच. क्लब तिकडे गेला की तिकडचा झाला, ठीक. पण मागचं इथेच ठेवून जा.

कट्टरभाऊ, "यशस्वी झालं" हे वाक्य फक्त पोचलेल्या गावातून म्हणता येतं.

वकीलकाका

पुण्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. हैदराबादला मालक नवे, कंपनी नवी, म्हणून त्यांनी पुण्याचा इतिहास सांगितला नाही आणि सांगूही शकत नव्हते. सोलच्या बाबतीत मालक बदलून नवा संघ आला नव्हता. संस्था तीच होती. फरक एवढाच आणि तो महत्त्वाचा. (तो हैदराबादचा संघही आता दिल्लीला गेला. गावोगाव फिरणारा तंबूच म्हणायचा.)

आर्या_हानकाठी

मी सोलमध्ये शिकते, क्लब कुठलाच नाही. पण 22 फेब्रुवारी 2025 चा सोल-आन्यांग सामना सोलच्या स्टेडियममध्ये बसून पाहिला, म्हणून थोडं लिहिते.

आन्यांग गप्प बसलं नव्हतं, हे वर कुणीच लिहिलेलं नाही. नऊ वर्षं शहरात व्यावसायिक क्लब नव्हता. मग पाठीराख्यांनी रेटा लावून नगरपालिकेच्या पैशावर नागरिकांचा क्लब उभा करायला लावला: एफसी आन्यांग, स्थापना 2 फेब्रुवारी 2013. तारीख परत वाचा. रंग जांभळा, कारण आन्यांग एकेकाळी द्राक्षांसाठी प्रसिद्ध. पण पाठीराख्यांच्या संघटनेच्या नावात "रेड" अजून आहे, जुन्या चीताजच्या लाल जर्सीचं. एप्रिल 2017 मध्ये कोरियन एफए कपात दोन्ही क्लब पहिल्यांदा भिडले, तेव्हा जांभळ्या गर्दीतून लाल मशाली पेटल्या होत्या. सोल 2-0 ने जिंकला.

बारा मोसम दुसऱ्या श्रेणीत काढून 2 नोव्हेंबर 2024 ला आन्यांगने बुचॉनशी 0-0 बरोबरी साधली आणि पहिल्या श्रेणीत जागा मिळवली. महापौरांनी केस जांभळे केले, खरंच. मोसमाआधीच्या पत्रकार परिषदेत प्रशिक्षक यू ब्योंग-हून यांनी 2004 ची जखम काढली. त्यावर सोलचे प्रशिक्षक किम गी-दोंग यांचं म्हणणं वकीलकाकांसारखंच होतं, की क्लब पळाला नव्हता, परत आला होता. भडका तिथे उडाला.

त्या दिवशी चाळीस हजारांहून जास्त लोक होते. पाहुण्यांचा कोपरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलाच नाही. लिंगार्डने हेडरवर पहिला गोल केला (हो, मँचेस्टर युनायटेडवाला), मग लुकासने दुसरा. शेवटी आन्यांगने एक परत केला तेव्हा त्या कोपऱ्यात जो आवाज झाला, तो हरणाऱ्यांचा वाटत नव्हता. माझ्या शेजारी लाल स्कार्फवाला माणूस, वय विशीच्या आसपास. म्हणजे 2004 ला जेमतेम जन्मलेला. त्याचा क्लब आयुष्यभर सोलच होता. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुझा इतिहास चोरीचा आहे?

सामनावेडा

आर्याताई, भारी लिहिलंत. त्या पोराला कुणी काही सांगू नये. माझा आक्षेप क्लबच्या यादीवर आहे, त्याच्यावर नाही. 2004 पासूनचं सगळं त्याचंच.

कट्टर_मिडफिल्डर

मग सुवॉनशी (शेजारच्या शहरातला सॅमसंगचा क्लब) असलेलं वैर कुणाचं? सोल विरुद्ध सुवॉन हा कोरियातला सगळ्यात गाजलेला सामना. त्याचं मूळ आन्यांगमध्ये आहे. एलजी विरुद्ध सॅमसंग, दोन गावांच्या मधे जिजिदे खिंड. 1999 ला आन्यांगचा जुना खेळाडू सो जंग-वॉन फ्रान्सहून परत आला तो जुन्या क्लबकडे न येता थेट सुवॉनकडे गेला, तेव्हा आन्यांगच्या लोकांनी त्याची जर्सी जाळली. सोलने क्लब नेला तसं ते वैरही नेलं आणि त्यावर स्टेडियम भरलं. सामनावेडा, तुमच्या हिशेबात वैराचीही फाळणी करावी लागेल.

सामनावेडा

करायचीच! आन्यांगवाल्यांना सुवॉन अजून तितकंच खुपतं. ते वैर त्यांनी कुणाला विकलं नव्हतं.

वकीलकाका

आता एक अडचणीचा प्रश्न. आजचा एफसी आन्यांग उभा राहिला कसा? गोयांगला कूकमिन बँकेचा संघ होता, तो 2012 ला गुंडाळला गेला. त्यातले बरेच खेळाडू आन्यांगने घेतले, पहिले प्रशिक्षक ली वू-ह्योंगही तिथलेच. गोयांगच्या प्रेक्षकांचं काय? त्यांच्यासाठी कुणी जांभळे केस केले? आणि क्लब चालतो नगरपालिकेच्या पैशावर, म्हणजे ज्याला फुटबॉलमध्ये काडीचा रस नाही तोही कर भरून त्यात भागीदार. उद्या महापौर बदलले, पैसा आटला की काय?

नारिंगी_फौज

काका, बँकेने संघ आधी बंद केला, मग खेळाडू मोकळे झाले. चालता क्लब उचलून नेणं आणि बंद पडलेल्या क्लबच्या बेकार खेळाडूंना काम देणं, हे कोर्टात तुम्ही एकाच कलमाखाली आणाल का? आणि एफसी आन्यांग कूकमिन बँकेची जुनी विजेतेपदं स्वतःची म्हणून सांगत नाही. 2013 म्हणजे 2013.

वकीलकाका

हा मुद्दा चांगला आहे. पण मग तोच नियम आन्यांगलाही लावा. 2013 म्हणजे 2013, तर 2000 चं विजेतेपद त्यांनाही मिळत नाही. सोलच्या यादीतून काढलंत तर ठेवणार कुठे? लीगच्या पुस्तकात विजेता म्हणून कुणाचं तरी नाव लागतं.

आर्या_हानकाठी

"आन्यांग एलजी चीताज" असंच लिहायचं. तेव्हा तेच नाव होतं.

बुचॉनचंही जोडून सांगते, कारण तिथे हेच झालं. वर काकांनी लिहिलेला युकाँग पुढे बुचॉन एसके झाला आणि 2006 ला एसकेने तो थेट जेजू बेटावर नेला. समुद्रापार! तिथे तर "घरी परतलो" म्हणायचीही सोय नव्हती. पाठीराख्यांनी 2007 ला स्वतःचा क्लब काढला, नाव ठेवलं बुचॉन एफसी 1995. आन्यांगवाल्यांना हे उदाहरण समोर दिसत होतं. आणि आन्यांगची बढती पक्की झाली तो 0-0 चा सामना याच बुचॉनशी, त्यांच्याच मैदानात. क्लब गमावलेली दोन गावं समोरासमोर.

कट्टर_मिडफिल्डर

जेजूबद्दल सहमत, ते समर्थनीय नव्हतं. पण त्यामुळेच सोलचं प्रकरण वेगळं ठरतं. सगळी स्थलांतरं एका मापाने मोजू नका.

सामनावेडा

आर्याताईंचा तोडगा मला चालेल. काका?

वकीलकाका

यादीत नाव त्या वेळचं लिहा, कंसात "आताचा एफसी सोल" लिहा. कंस काढला तर माझी सही नाही.

नारिंगी_फौज

आणि कंस ठेवला तर आन्यांगची नाही. 31 ऑगस्ट 2025 ला ते सोलच्या घरात जाऊन 2-1 ने जिंकून आलेत, आता तर मुळीच ऐकायचे नाहीत.