सुपरवायझर झालोय, कंपनी ट्रेनिंगला पाठवतेय. लोणावळ्याचे दोन दिवस की भोसरीचे सहा शनिवार?

दुसरीपाळी_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, नाव नको. आयटीआय केलं, मग नोकरी करत डिप्लोमा. नऊ वर्षं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, ऑपरेटर होतो, गेल्या महिन्यापासून दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर. हाताखाली २२ माणसं, त्यातली १३ कंत्राटी आणि ट्रेनी.

एचआरने दोन पर्याय दिलेत. लोणावळ्याला दोन दिवस मुक्कामी 'लीडरशिप'; पत्रकावर दोरीवरून चालणाऱ्या माणसांचे फोटो आहेत. नाहीतर भोसरीत सहा शनिवार सकाळी दोन-दोन तास, 'सुपरवायझरी स्किल्स'. आमची सुट्टी गुरुवारी. म्हणजे शुक्रवारी रात्री साडेबाराला घरी यायचं, शनिवारी सकाळी वर्गात बसायचं आणि दुपारी परत पाळीला. बायको म्हणते लोणावळा घे. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी नवा ट्रेनी येतो. त्याला काम दाखवतो, "समजलं का?" विचारतो, तो मान डोलावतो आणि पाऊण तासात पंधरा जॉब, म्हणजे पार्ट, स्क्रॅप. दुसरं म्हणजे आमचे मामा. वय ५४. माझ्या हातात पहिला मायक्रोमीटर त्यांनी दिला. आता ते माझ्याच पाळीत आहेत. "मामा, आज चार नंबर मशिन घ्या" म्हटलं की ऐकूच न आल्यासारखं करतात. भांडत नाहीत, तेच जास्त लागतं. यावर कुठल्या कोर्सात काही शिकवतात का?

खोपोलीकर

लोणावळा घे भाऊ. जेवण चांगलं असतं, येताना चिक्की आण. मामांना चिक्की दे, प्रश्न मिटला.

चालताबोलता

घरबसल्या करायचं असेल तर एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या वेबसाइटवर, मॅनेजमेंटचे आठ आणि बारा आठवड्यांचे कोर्स आहेत. व्हिडिओ फुकट, पैसे फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. मी एक केला. ज्ञान मिळालं, पण पाळीत माणूस तोंड फिरवून उभा राहिला की व्हिडिओ आठवत नाही.

निवृत्त_ट्रेनिंगवाला

३१ वर्षं कारखान्यांच्या ट्रेनिंग खात्यात काढली. त्यातली निम्मी वर्षं लोकांना लोणावळ्याला मीच पाठवत होतो, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजतो.

दोरीवरून चालायला माझी हरकत नाही. माणसं मोकळी होतात, कधी नव्हे ते स्टोअरवाला आणि प्रॉडक्शनवाला शेजारी बसून जेवतात. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता फीडबॅक फॉर्म वाटायचे, त्यात व्याख्याता पाचपैकी पाच, जेवण पाचपैकी पाच, आणि तो गठ्ठा वर साहेबांकडे 'ट्रेनिंग यशस्वी' म्हणून जायचा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ सालीच लिहून ठेवलंय की ट्रेनिंग चार पातळ्यांवर तपासा: माणसाला आवडलं का, तो शिकला का, कामावर वागणं बदललं का, आणि कारखान्याला त्याचा उपयोग झाला का. आम्ही आयुष्यभर पहिल्या पातळीवर बसून राहिलो. तीन महिन्यांनी लाइनवर जाऊन बघायला कुणाला वेळ नव्हता. मलाही नव्हता, खोटं कशाला बोलू.

तुझ्या ट्रेनींच्या स्क्रॅपवर मात्र औषध आहे आणि ते फार जुनं आहे. १९४० साली अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री', टीडब्ल्यूआय, सुरू झालं. कारखान्यांना युद्धाची कामं मिळाली, कसबी कामगार सैन्यात गेले, त्यांच्या जागी कधी मशिन न पाहिलेली माणसं आली, त्यात बायका पुष्कळ. त्यांना शिकवणार कोण? फोरमन. पण फोरमनला काम येत होतं, शिकवता येत नव्हतं. अगदी तुझ्यासारखं. मग फोरमनसाठीच कोर्स काढला: दोन-दोन तासांच्या पाच बैठका, दहाएक माणसं, बस. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने उचलला.

मी तो केला तेव्हा पहिल्या दिवशी मास्तरांनी विजेच्या वायरचा तुकडा काढला. बल्ब होल्डरच्या आत वायरला एक गाठ मारतात, ओढ बसली तरी जोड सुटू नये म्हणून. त्यांनी एकाला पुढे बोलावलं आणि नुसतं तोंडी सांगितलं: डावी तार उजवीकडून घ्या, पाठीमागून काढा, फासात घाला. तो बिचारा घामाघूम. मग दुसऱ्याला न बोलता एकदा करून दाखवलं. त्यालाही जमेना. आम्ही हसलो. मास्तर म्हणाले, "हसताय काय? रोज ट्रेनींना तुम्ही हेच करता."

मग तीच गाठ नीट शिकवली. आधी माणसाला सैल करायचं आणि त्याला काय येतं ते विचारायचं. मग काम करून दाखवायचं, एकेका टप्प्याने: पहिल्यांदा फक्त टप्पे, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली मेख, तिसऱ्यांदा ती मेख का, ते. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करता करता मेख त्यानेच तोंडाने सांगायची. शेवटी त्याला कामावर सोडायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगायचं आणि आपण अधूनमधून चक्कर मारायची. "समजलं का?" हा प्रश्न त्यात कुठेच नाही. या प्रश्नाला आजवर कुणी "नाही" म्हटलंय का? खिशात ठेवायचं एक कार्ड असायचं, त्यावर छापलेलं: शिकणारा शिकला नाही, म्हणजे शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही. तेव्हा राग आला होता वाचून.

यात दुखणारी गोष्ट एकच. प्रत्येकाने आपल्या मशिनवरचं खरं काम वर्गात आणून शिकवून दाखवायचं असतं. तिथे पितळ उघडं पडतं, आणि शिकणं तिथेच होतं. म्हणून भोसरीवाल्यांना फोन कर आणि एवढंच विचार: मी माझं काम वर्गात आणायचं का, की तुम्ही स्लाइड दाखवणार? स्लाइड म्हणाले तर सरळ लोणावळ्याला जा, निदान हवा तरी मिळेल.

मामांचं. याच टीडब्ल्यूआयच्या मालिकेत माणसं सांभाळण्याचाही एक कोर्स होता. त्यातलं एक वाक्य तुला लागू आहे: ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार, तो त्याला आधी सांगा. चार नंबर मशिन घ्या हे तू मामांना कधी सांगतोस? पाळीचा भोंगा झाल्यावर, सगळ्यांसमोर? खरं सांग.

अंबडची_एचआर

वरच्या काकांशी सहमत, पण सुपरवायझरने आणखी दोन छोटे कोर्स मागून घ्यावेत असं मला वाटतं. त्यांचा फोटो लिंक्डइनवर टाकता येत नाही म्हणून कुणी मागत नाही.

एक, खातेअंतर्गत चौकशीचा. आमच्याकडे एका सुपरवायझरने रागाच्या भरात कामगाराला "उद्यापासून येऊ नको" असं व्हॉट्सॲपवर पाठवलं. पुढचं सगळं मला निस्तरावं लागलं. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा, नेमकं काय घडलं हे लागतं. 'उद्धट वर्तन' एवढ्याने भागत नाही. जो साक्षीदार, तो चौकशी अधिकारी होऊ शकत नाही. मी केलेल्या कोर्समध्ये दुसऱ्या दिवशी खोटी चौकशी उभी केली होती आणि मला कामगाराच्या बाजूने बोलायला लावलं. मीच लिहिलेले जुने मेमो किती पोकळ होते ते त्या दुपारी कळलं.

दुसरा, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, निम्म्या तरी महिला, अध्यक्षही महिलाच, आणि एक सदस्य बाहेरचा. पण तुमच्या पाळीतली मुलगी पहिल्यांदा समितीकडे जाणार नाही, तुमच्याकडे येईल. दादा, तेव्हा "मी दोघांना बसवून मिटवतो" म्हणू नका. समेट होऊ शकतो, पण तो तिने मागितला तर, समितीमार्फत, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर नाही. तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" हेही नको. चहा-समोशासोबत तासाभरात उरकतात ते ट्रेनिंग नाही, सही गोळा करणं आहे.

दुसरीपाळी_चाकण

तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. सगळ्यांचे आभार, चिक्कीवाल्यांचेही.

भोसरीला फोन केला. बाई म्हणाल्या, काम आणायचं, ड्रॉइंगसकट. नाव दिलं. पण बॅचला बारा माणसं लागतात आणि आठच झाली, त्यामुळे पुढच्या महिन्यावर गेलं. लोणावळ्याची बस तोवर निघून गेली होती.

मग काकांनी लिहिलं तसं घरीच वहीत लिहायला बसलो. काम साधं, चकमध्ये, म्हणजे मशिनच्या पकडीत, जॉब लावणं. वाटलं पाच मिनिटांचं आहे. दोन रात्री गेल्या. मी लिहिलेलं असं: स्टॉपरवर (जॉब टेकतो तिथे) हवा मारा, जॉवर (चकच्या जबड्यांवर) हवा मारा, जॉब तळहाताने स्टॉपरला टेकवून धरा, मग पायाने पेडल दाबा. मेख: दाबून धरल्याशिवाय पेडल नाही. का: नाहीतर जॉब तिरका बसतो, रनआउट येतो, म्हणजे फिरताना डगमगतो.

आणि हो काका, भोंग्यानंतरच सांगत होतो, सगळ्यांसमोर. आता आदल्या दिवशी पाळी सुटताना, पार्किंगमध्ये सांगतो. पहिल्या दिवशी मामा "बघू" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी चार नंबरवर दिसले. काही बोलले नाहीत, मीही नाही.

गेल्या मंगळवारी वही त्यांना दाखवली. चष्मा लावून वाचली. म्हणाले, "चुकलंय. आधी जॉ, मग स्टॉपर. उलटं केलंस तर जॉमधली चिप, धातूचा कीस, उडून परत स्टॉपरवरच बसते." नऊ वर्षं मी हात तसाच फिरवत होतो, मामांनीच शिकवलेलं, पण लिहिताना उलटं लिहिलं. मग पेन मागितलं आणि स्वतः खाडाखोड केली.

नवा ट्रेनी सोमवारी येतोय. शिकवणार कोण ते अजून ठरलेलं नाही, मामांना विचारायचंय. आज पार्किंगमध्ये विचारतो.